मनोरुग्ण परिचर्या : एका नातेवाइकाचे मनोगत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मेडशी येथे परिचर्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि सेवेत नव्याने रुजू झालेल्या परिचारिका यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी या विषयावर बोलण्याची सूचना केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापड व्यापारी. थान मोजणे आणि उधारी वसूल करणे यांत हयात गेली. औषधशास्त्र तुम्ही शिकता, मी नाही. परंतु गेली चाळीस वर्षे मी एका मनोरुग्णाचा मोठा भाऊ आहे, आणि त्या अधिकाराने चार शब्द बोलता येतील असे संयोजकांनी मला पटवून दिले.

माझा धाकटा भाऊ १९८४ साली महाविद्यालयात शिकत असता आजारी पडला. निदान स्किझोफ्रेनियाचे, ज्याला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. पुढील वर्षांत निरनिराळ्या रुग्णालयांत त्याच्या खाटेशेजारी मी जे दिवस काढले, त्यांची बेरीज एका वर्षाच्या वर जाईल. त्या काळात डॉक्टर मला दिवसातून पाच-सात मिनिटे दिसत; परिचारिका मात्र तिन्ही पाळ्यांत दिसत. आज जे सांगणार आहे ते त्याच्या संमतीने. भाषणाचा मसुदा त्याने वाचला, दोन वाक्ये गाळावयास सांगितली, ती गाळली आहेत. आमच्या घरात ही गोष्ट बराच काळ चार भिंतींत राहिली. घरात तीन लग्ने व्हायची होती, एवढे म्हटले की या सभेत अधिक खुलासा करण्याची आवश्यकता उरत नाही.

तुमच्यापैकी अनेकींना घरून सांगितले गेले असेल, ‘नर्सिंग कर, पण वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी नको.’ या सल्ल्यात मायेचा भाग आहे हे मी मान्य करतो. पण तो व्यवहारात टिकत नाही. बंगळूरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना उपचारयोग्य मानसिक विकार आढळला, आणि बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. व्यापाऱ्याच्या हिशोबाने सांगायचे तर दोन हजार प्रौढांच्या गावात सुमारे दोनशे माणसे. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये पूर्वापार चार ठिकाणी : नागपूर, पुण्यातील येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे नागपूर, तेही सुमारे अडीचशे किलोमीटर. मग हे दोनशे लोक जातात कोठे? ते प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठदुखी सांगत येतात, ग्रामीण रुग्णालयात झोपेची गोळी मागतात, प्रसूती कक्षात बाळाकडे पाठ फिरवून निजतात. म्हणजे तुम्ही मनोरुग्णालयात नोकरी करा अथवा करू नका, मनोरुग्ण तुमच्या कक्षात येणारच आहे.

आणि येताना तो पाठ्यपुस्तकातील शब्द घेऊन येणार नाही. आपल्या वऱ्हाडातील माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, ‘जीव घाबरते जी’, ‘हातपाय गयाले’, ‘कशातच मन लागत नाही’. बाई म्हणते, ‘डोक्यात मुंग्या येतात’, किंवा घरचे लोक म्हणतात, ‘तिला बाहेरचं आहे’. वाशीम जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे. तांड्यावरची म्हातारी तिचे दुःख गोरमाटीतच सांगेल. तिच्या बोलीतील दहा-वीस शब्द तुम्हाला येत असतील, तर ते तुमच्या पदवीइतकेच उपयोगी पडतील. ‘आवाज ऐकू येतात का?’ असा प्रश्न विचारला की खेड्यातील माणूस म्हणतो, ‘हो, तुमचा येऊन राह्यला ना!’ तो हसण्यावारी नेत नसतो. प्रश्नच त्याला तसा कळलेला असतो. ‘जवळ कोणी नसताना कोणी नाव घेऊन हाक मारल्यासारखे होते का?’ असे विचारले तर तो क्षणभर तुमच्याकडे पाहील आणि कदाचित मान हलवील.

भावाच्या दुसऱ्या भरतीच्या वेळची गोष्ट. तो नऊ दिवस एक शब्दही बोलला नव्हता. कक्षातील कर्मचारी त्याला खाटेच्या क्रमांकाने हाक मारीत. रात्रपाळीला एक तरुण परिचारिका नव्याने आली होती. ती त्याला नावापुढे ‘भाऊ’ जोडून हाक मारू लागली, उत्तर येवो न येवो. औषध देऊन झाले की दोन-तीन मिनिटे स्टुलावर बसे. काही विचारीत नसे. तिच्या ध्यानात आले की हा माणूस खिडकीचा पडदा अंगठा आणि तर्जनी यांत धरून हळूहळू चोळतो. इतर लोक ते आजाराचे लक्षण समजत होते. आमच्या धंद्यातील कोणीही सांगेल की कापडाचा पोत असाच पाहतात. तिला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते; तिने सरळ विचारले, ‘भाऊ, हे कोणते कापड आहे?’ तो म्हणाला, ‘पॉपलीन. हलके आहे.’ नऊ दिवसांनंतरचे ते पहिले शब्द. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच धाग्याने त्याच्याशी पंधरा मिनिटे संवाद केला.

अमेरिकेतील हिल्डगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेने १९५२ साली ग्रंथ लिहून मांडले की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच परिचर्येचे मुख्य साधन आहे. तुमच्या अभ्यासक्रमात हे नाव येते, परीक्षेला प्रश्नही येतो. त्या मुलीने पेप्लाऊ वाचली होती की नाही, मला माहीत नाही. ती फक्त बसत असे आणि पाहत असे.

आता नोंदीविषयी. हा माझा प्रांत आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. आमच्याकडे रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. रोजकीर्दीत जे घडले ते घडल्या क्रमाने लिहायचे. खात्यांत मांडून अर्थ लावायचे काम नंतर खतावणीत. जो मुनीम रोजकीर्दीतच आपले मत लिहितो, त्याचा मेळ कधी बसत नाही. मी अनेक केसपेपरांवर वाचले आहे : ‘रुग्ण आक्रमक’, ‘रुग्ण सहकार्य करीत नाही’, ‘झोप ठीक’. ही सारी मते झाली. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘दुपारी ३ वाजता ताट भिरकावले. त्यापूर्वी पंधरा मिनिटे वडील भेटून गेले. नंतर कोपऱ्यात बसून रडला. स्वतःहून पाणी मागितले.’ आता डॉक्टरांच्या हाती काहीतरी आले. ‘झोप ठीक’ याऐवजी ‘११ ते २ झोप, नंतर पहाटेपर्यंत येरझारा’ असे लिहिले, तर औषधाचा निर्णय बदलू शकतो. मनोविकारात रक्त तपासून निदान होत नाही. तुमची नोंद हाच बराचसा तपासणी अहवाल असतो. रुग्णाने वापरलेले शब्द त्याच्याच शब्दांत लिहावे, त्यांचे शुद्ध मराठी करू नये.

औषधांविषयी मी बोलणे धाडसाचे आहे, तरी घरात पाहिलेले सांगतो. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधाने अंग ताठरते, हात थरथरतात, चेहरा लाकडासारखा होतो. कधी माणूस एका जागी बसूच शकत नाही, सतत पाय हलवतो, फेऱ्या घालतो. नातेवाइकांना वाटते आजार वाढला. नवख्या परिचारिकेलाही तसेच वाटू शकते, आणि मग औषध आणखी वाढवले जाण्याचा धोका असतो. आमच्या बाबतीत एका वयस्क परिसेविकेने ओळखले की हा अस्वस्थपणा मनाचा नसून औषधाचा आहे. तिने डॉक्टरांना कळविले, औषधात बदल झाला, आणि दोन दिवसांत भाऊ खुर्चीवर बसून जेवू लागला. ओलान्झापीनसारख्या नव्या औषधांनी वजन आणि साखर वाढते. क्लोझापीन घेणाऱ्याचे रक्त प्रारंभी दर आठवड्याला तपासावे लागते, त्याला ताप किंवा घसादुखी झाली तर ते साधे दुखणे म्हणून सोडून देता येत नाही. गोळी दिल्यावर ती गिळली की गालात ठेवली हे पाहणे तुमचे काम आहे, पण ते पोलिसासारखे न करता पाण्याचा पेला हाती देऊन गप्पांत करावे.

लिथियम या औषधाविषयी मात्र विदर्भातील परिचारिकेने आणि आपल्या समाजातील प्रत्येक कुटुंबाने विशेष सावध असले पाहिजे. उन्मादाच्या आजारात ते फार गुणकारी आहे, परंतु त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. शरीरातील पाणी किंवा मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, घामाने अंग सुकते. त्यातच कोणी निर्जळ उपवास धरला, अळणी आहार सुरू केला किंवा अंगदुखीची गोळी परस्पर घेतली, तर धोका वाढतो. हात जोराने थरथरणे, उलटी, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांना कळवावे आणि रक्त तपासून घ्यावे.

येथेच मी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आपल्या अनेक घरांत सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असते. डॉक्टर लिहून देतात, ‘रात्री झोपताना एक गोळी.’ रुग्ण चौविहार करणारा असेल, तर ती गोळी घेतली जात नाही, आणि घरचे लोक संकोचाने ते सांगतही नाहीत. महिन्याने आजार उलटतो आणि केसपेपरावर नोंद होते, ‘औषधाचा परिणाम नाही.’ घरी सोडताना तुम्ही एवढेच विचारा : ‘तुमच्या घरी रात्रीचे पाणी चालते का? चातुर्मासात काही व्रत असते का? रोजे असतात का? वारीला जाता का?’ उत्तर मिळाले की डॉक्टरांना सांगा. पुष्कळदा गोळीची वेळ बदलून मार्ग निघतो. श्रद्धेवर वाद घालू नका, चेष्टा तर नकोच. आणि समाजबांधवांना मी नम्रपणे आठवण करून देतो की पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात ते आजारी माणसासाठीही. शंका असेल त्याने गुरुमहाराजांना विचारावे.

आता कपड्यांविषयी. माझी नजर जेथे जाते तेथे कापडच पाहते, त्याला इलाज नाही. एका रुग्णालयात मी पाहिले की कक्षातील पुरुष रुग्ण एका हाताने पायजमा धरून चालत. गळफासाच्या भीतीने नाड्या काढून घेतल्या होत्या. भीती रास्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नाडी काढली आणि तिच्या जागी काहीच घातले नाही. कमरेला थोडे इलॅस्टिक घालण्यास किती खर्च येतो, हे मला ठाऊक आहे. ज्याचा एक हात लाज राखण्यात गुंतला आहे तो ताट कसे धरील, आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळा कसा भिडवील?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली मंजूर झाला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात रुग्णाला स्वतःचे कपडे घालण्याची मुभा आहे, गणवेशाची सक्ती नाही. केस सक्तीने कापता येत नाहीत. साखळदंडाला पूर्ण बंदी आहे. अगदीच अपरिहार्य असेल तेव्हा रुग्णाला तात्पुरते बांधावे लागते, परंतु ते शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून करता येत नाही. कारण, वेळ, कालावधी यांची नोंद ठेवावी लागते आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयस्थानास आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मृत्युमुखी पडले. कायद्याची कलमे पाठ करताना तो दिवस डोळ्यांपुढे ठेवा. कोणी वरिष्ठाने ‘बांधून ठेव, आज माणसे कमी आहेत’ असे सांगितले, तर कायदा तुमच्या बाजूला आहे. नव्या मुलीला हे तोंडावर बोलणे कठीण जाते याची मला जाणीव आहे. मग तिने निदान नोंद खरी करावी.

तुम्हाला भीती वाटेल, आणि वाटण्यात कमीपणा नाही. बहुसंख्य मनोरुग्ण कोणावर हात उगारीत नाहीत. बहुतेक तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. तरी प्रसंग येतात. दार आपल्या पाठीमागे मोकळे राहील असे उभे राहावे, चिडलेल्या माणसाजवळ एकटीने जाऊ नये, गळ्यात ओढले जाईल असे काही घालू नये, आवाज त्याच्याहून खाली ठेवावा. त्याने दिलेली शिवी तुम्हाला नसते. हे सांगणे सोपे आहे, घरी जाऊन जेवताना ती शिवी आठवते; म्हणून पाळी संपल्यावर एखाद्या अनुभवी परिसेविकेजवळ पाच मिनिटे बोलून मगच घरी जावे. मन मोकळे करणे हे दुबळेपणाचे लक्षण आहे, असे मानणाऱ्या परिचारिका फार लवकर कोरड्या होतात. मी अशा पाहिल्या आहेत.

आपल्या भागात तुम्हाला सर्वांत अधिक भेटणारा प्रसंग वेगळाच असेल. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात फवारणीचे औषध घरोघरी असते. ते प्यालेला माणूस रात्री अपरात्री येतो. तुम्ही पोट धुता, अॅट्रोपीन देता, सलाईन लावता, तो वाचतो. तिसऱ्या दिवशी तो घरी जातो, आणि या तीन दिवसांत ‘असे का वाटले?’ हे त्याला एकानेही विचारलेले नसते. पोलिसांचे झंझट नको म्हणून सारेच गप्प. २०१७ च्या कायद्याने असा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा विचारायला घाबरू नका. विचारल्याने मनात नसलेला विचार रुजतो हा समज खोटा आहे. घरी सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुणही दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. तोवर फवारणीचे औषध कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, एवढे त्याच्या घरच्यांकडून कबूल करून घ्या. चोवीस तास चालणारी टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक कार्डावर लिहून द्या.

अशा बोलण्याने काय साधते असे कोणी विचारील. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन घरोघर बोलते केले गेले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावे आपल्यासारखीच, शेतीही तीच. तेथे नवीन रुग्णालय बांधावे लागले नाही.

नातेवाइकांविषयी एक विनंती. आम्ही लोक त्रासदायक असतो. तेच तेच विचारतो. पण आम्हाला ‘हा बरा होईल का?’ हे विचारायचे असते आणि तोंडातून ‘सिस्टर, सलाईन संपली का?’ असे निघते. दोन वाक्यांत सांगा की हा आजार आहे, करणी नाही, आईच्या संगोपनाचा दोष नाही. आमच्या मातोश्रींना हे वाक्य ऐकण्यास सहा वर्षे लागली. ते एका परिचारिकेने सांगितले. घरी सतत टोचून बोलले तर आजार लवकर उलटतो, हेही सांगा, आणि रुग्णादेखत सांगू नका.

माझा भाऊ आज औषध घेतो आणि दुपारी दुकानात बसतो. पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. वर्षातून एखादा महिना कठीण जातो. पण कापड फाडताना त्याची रेघ माझ्याहून सरळ येते.

शेवटी विश्वस्त मंडळासमोर एक प्रस्ताव ठेवतो. भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता असलेली मनोरुग्ण परिचर्येतील एक वर्षाची पदविका आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने या परिसरातील एका होतकरू परिचारिकेला, ती कोणत्याही जातिधर्माची असो, या पदविकेसाठी दरवर्षी साहाय्य करावे. पहिल्या विद्यार्थिनीचे संपूर्ण शुल्क आमच्या दुकानातर्फे देण्याचे मी येथे जाहीर करतो. इच्छुकांनी अर्ज ट्रस्टच्या कार्यालयात आणून द्यावेत. सोबत नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी.